अक्षर आधी की जोडाक्षर आधी?

आमच्या समाजातील गृहिणींचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतील. चकलीची भाजणी घरी करणाऱ्या हा एक आणि ती दुकानातून तयार आणणाऱ्या हा दुसरा. दोहोंकडच्या चकल्या दिवाळीत आम्ही सारख्याच आवडीने खातो, तेव्हा यात उच्चनीच ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पहिल्या वर्गातील गृहिणीस एक गोष्ट ठाऊक असते, जी दुसरीस सहसा ठाऊक नसते. चकली तेलात विरघळू लागली, तर मोहन जास्त पडले की डाळ कमी भाजली गेली, हे ती तत्काळ सांगू शकते. दुकानातली भाजणी बिघडली तर दुकान बदलण्यापलीकडे उपाय उरत नाही. घरची बिघडली तर ती सुधारता येते. मात्र त्यासाठी धान्य निवडण्यापासून दळण आणण्यापर्यंतची सारी दगदग आपली असते.

संगणकाच्या जगातही असेच दोन वर्ग आहेत, हे आम्हांस बऱ्याच उशिरा कळले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहून जगापुढे मोकळा ठेवला. त्यावर आधारलेल्या डेबियन, उबंटू, फेडोरा इत्यादी प्रणाली आपणांस बहुतांशी तयार भाजणी देतात. कार्यक्रम दुसऱ्या कोणी यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवलेला असतो, आपण तो आणून बसवावयाचा. याउलट जेंटू नावाची एक प्रणाली आहे. डॅनियल रॉबिन्स यांनी ती सुरू केली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ साली निघाली. पाण्यात सर्वांत वेगाने पोहणाऱ्या पेंग्विनच्या जातीवरून तिला हे नाव मिळाले. जेंटूत प्रत्येक कार्यक्रमाची मूळ संहिता आपल्या घरी येते आणि आपल्याच यंत्रावर तिचे दळण होते. त्यात काय घालावे व काय गाळावे हेही आपण ठरवितो. या पसंतीच्या खुणांना तेथे युज फ्लॅग म्हणतात. धणे-जिरे हवे की नको, तिखट किती, तशाच स्वरूपाच्या त्या असतात. हा सारा व्यवहार पाहणारा जो कारभारी आहे, त्याचे नाव पोर्टेज.

अशी प्रणाली भोपाळच्या एका लहानशा मराठी वाचनालयात कशी आली, हे सांगावयास हवे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि भोपाळ राजधानी ठरली. त्यापूर्वीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. सरकारी दप्तरांबरोबर नागपूरहून कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली, ग्वाल्हेर-इंदूरकडूनही आली आणि तात्या टोपे नगराच्या सरकारी घरांतून त्यांचे संसार मांडले गेले. त्या संसारांबरोबर ट्रंका भरून पुस्तकेही आली. पुढे निवृत्तीनंतर कोणी पुण्यास मुलाकडे गेले, कोणी देवाघरी गेले आणि पुस्तके वाचनालयात जमा झाली. आज ती दोन हजारांवर आहेत. कित्येकांच्या पहिल्या पानावर नागपूरच्या दुकानाचा शिक्का आणि खाली सुवाच्य अक्षरात एखादे नाव असते.

या पुस्तकांची सूची संगणकावर उतरविण्याचे काम आमच्यातल्याच एका तरुण अभियंत्याने केले. एका दात्याकडून आलेले जुने यंत्र त्याने घेतले. त्याची स्मरणशक्ती अवघी चार जीबी. त्यावर त्याने हौसेने जेंटू बसविले, कारण थकलेल्या यंत्रास झेपेल तेवढेच त्यावर ठेवावे हा त्याचा विचार. सूची म्हणजे एक साधी मजकुराची फाईल, ओळीस एक पुस्तक. त्याच्याशेजारी बसून आम्हीही थोडेफार शिकलो. २०२२ च्या दिवाळीपूर्वी तो नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि जाताना सूचनांची एक वही आमच्या हाती ठेवून गेला. लगोलग काटकसर म्हणून वाचनालयाची इंटरनेट जोडणी बंद करण्यात आली. यंत्र चालत राहिले, परंतु दीड वर्ष त्यास बाहेरचे वारे लागले नाही.

मग २०२४ च्या एप्रिलमध्ये एका सदस्याने नवा प्रिंटर भेट दिला. जुना केव्हाच निकामी झाला होता आणि वार्षिक तपासणीसाठी छापील यादी हवी होती. नव्या प्रिंटरला नवा ड्रायव्हर हवा, नव्या ड्रायव्हरला पायथन या संगणकीय भाषेची नवी आवृत्ती हवी आणि नव्या पायथनला जवळजवळ सारेच नवे हवे. बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अहो, कशाला हा खटाटोप? वाचायला येतं कोण? मे अखेरपर्यंत यादी निघाली तर ठीक, नाहीतर पुस्तकं एखाद्या मोठ्या संस्थेला देऊ आणि खोली मोकळी करू." कोणी विरोध केला नाही. यंत्र हे निमित्त होते, हे सर्वांस कळत होते. परंतु निमित्त दूर केल्यावाचून मूळ प्रश्न पुढे येत नाही, असा आमचा अनुभव आहे. मे महिन्याची सुटी आमच्या हाती होती. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ मदतीस आले. त्यांची आजी वाचनालयाची सर्वांत जुनी वाचक.

पहिले काम सूचीची प्रत दोन ठिकाणी काढून ठेवण्याचे. घरास रंग देण्यापूर्वी देव दुसऱ्या खोलीत हलवितात, तसेच हे. त्यानंतर मोबाइलवरून जोडणी घेऊन पोर्टेजला नवे ग्रंथभांडार, म्हणजे पाककृतींचा ताजा संग्रह, आणावयास सांगितले. त्याने नकार दिला. दूरच्या संगणकाचे ओळखपत्र अद्याप वैध झालेले नाही, असे त्याचे म्हणणे. मुलगी बुचकळ्यात पडली. "सर, वैधता संपली असं म्हणतात, अजून सुरू झाली नाही असं कसं?" यंत्राचे घड्याळ पाहिले तेव्हा उलगडा झाला. त्यात २०१० सालचा पहिला दिवस होता. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती आणि वीज बंद होताच यंत्र भूतकाळात जात होते. भूतकाळात बसलेल्यास आजचे प्रत्येक पत्र भविष्यातून आल्यासारखे वाटणार आणि त्यावरील सही तो खोटी ठरविणार. न्यू मार्केटातून बॅटरी आणली, घड्याळ लावले आणि पहिले दार उघडले.

संग्रह आल्यावर लगेच अद्ययावत करण्याची आज्ञा देऊ नये, असे वहीत ठळक अक्षरांत लिहिले होते. आधी बातम्या वाचाव्यात. जेंटूचे कर्ते मोठा बदल करताना सूचनापत्र काढतात आणि ते यंत्रावरच वाचता येते. दीड वर्षाची अशी पत्रे साचली होती. २०२३ मध्ये पायथनची ३.११ ही आवृत्ती सर्वसाधारण ठरली होती. मार्च २०२४ मध्ये प्रणालीचा सारा पायाच नव्या रूपात, म्हणजे २३.० या प्रोफाइलमध्ये, उपलब्ध झाला होता. त्यांत क्रम स्पष्ट होता. प्रथम जुन्या पायावरच सर्व अद्ययावत करावे, मगच पाया बदलावा. वहीतील दुसरी सूचना अशी की कारभाऱ्याचेच आधी नूतनीकरण करावे, कारण नव्या पाककृती जुन्या पोर्टेजला उमगतीलच असे नाही. आणि तिसरी, प्रत्येक वेळी आधी नुसती कल्पना मागावी. काय करणार ते पोर्टेज यादी करून दाखवितो आणि होकार मिळेपर्यंत कशासही हात लावत नाही. ही सोय मनुष्यस्वभावात असती तर किती बरे झाले असते!

यादी पावणेचारशेच्या घरात निघाली आणि तिच्याखाली लाल अक्षरांत तक्रारींचा ढीग. प्रथमदर्शनी धीर सुटावा असाच तो देखावा. परंतु व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे तक्रारींचेही प्रकार असतात आणि प्रकार ओळखला की निम्मे काम होते. काही ठिकाणी दोन पॅकेजे एकत्र नांदू शकत नाहीत, एक जाईल तरच दुसरे येईल. त्यांतील बरेच तंटे पोर्टेज स्वतःच मिटवितो, त्यांच्यापुढे लहान लिपीतील खूण असते. मोठ्या लिपीतील खूण असेल तेथेच आपण लक्ष घालावे. काही ठिकाणी एखादा युज फ्लॅग बदलण्याची मागणी असते. काही पॅकेजे चाचणीअवस्थेत म्हणून झाकलेली असतात आणि ती मुद्दाम उघडावी लागतात. आणि काही ठिकाणी एकाच पॅकेजची दोन रूपे दोन निरनिराळे मागणीदार हट्टाने मागत असतात. प्रत्येक तक्रारीखाली ही मागणी कोणाची, हे लिहिलेले असते. तेच वाचावे. घरातल्या भांडणातही कोण काय बोलले यापेक्षा कोणासाठी बोलले, हे पाहिले की गाठ सापडते.

मुलाने ती गाठ शोधून काढली. जुनी पायथन ३.१० जाऊ नये म्हणून कितीतरी पॅकेजे अडून बसली होती आणि त्या सर्वांच्या मागे एकच मागणीदार होता. तो होता पत्त्यांचा एक खेळ. आमच्या तरुण अभियंत्याने कधीकाळी विरंगुळा म्हणून तो बसविला होता. मधल्या काळात तो खेळ ग्रंथभांडारातूनच काढून टाकण्यात आला होता, त्यामुळे त्याची नवी आवृत्ती येण्याचा संभव नव्हता. तो जुनेच मागत राहणार आणि त्याच्यापायी बाकी सारे खोळंबणार. "सर, वाचनालय पत्त्यांनी अडवलंय!" मुलगा म्हणाला. खेळ काढला आणि लाल अक्षरे एकदम निम्म्यावर आली. येथे एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. अडथळा करणारे पॅकेज तात्पुरते काढणे हा चांगला उपाय आहे, परंतु ते झाडाचे पान असावे, खोड नसावे. खुद्द पायथन काढले तर पोर्टेजच बंद पडतो, कारण तो त्याच भाषेत लिहिलेला आहे. पायथनच्या बाबतीत जुनी व नवी अशा दोन्ही आवृत्त्या काही काळ शेजारी नांदू द्याव्यात, सर्व पॅकेजांना नवीची सवय झाली म्हणजे जुनीस निरोप द्यावा. एकत्र कुटुंबात नवी सून आली की सासूने दुसऱ्याच दिवशी किल्ल्या टाकून निघून जाऊ नये, हा जुना शहाणपणा येथेही उपयोगी पडतो.

उरलेल्या तक्रारींत एक अशी होती की तिने आम्हा मराठीच्या माणसास विशेष मोह घातला. फ्रीटाइप नावाचे एक पॅकेज आहे. फॉन्टच्या फाइलीतून अक्षराची बाह्यरेषा वाचून ती पडद्यावर उमटविणे हे त्याचे काम. दुसरे आहे हार्फबझ. अक्षरे एकापुढे एक आली की त्यांचा आकार कसा बदलेल, काना-वेलांटी कोठे बसेल, क् आणि ष मिळून क्ष कसा होईल, रफार कोणाच्या माथ्यावर जाईल, हे ठरविणे त्याचे काम. इंग्रजीचे एक वेळ त्याच्यावाचून भागेल, मराठीचे भागत नाही. वेलांटी पुढच्या व्यंजनास चिकटली तर 'किती' हा शब्दही वाचता येणार नाही. ते नाव फारसीतील 'हर्फ' व 'बाज' या शब्दांवरून आले आहे, अर्थ मोकळे अक्षर. इराणी वंशाचे अभियंते बेहदाद एसफहबोद यांनी ते प्रामुख्याने घडविले. भोपाळसारख्या नवाबी गावात हर्फ म्हणजे काय हे कोणास विचारावे लागत नाही. मराठी जोडाक्षराचा सांभाळ फारसी नावाचा कार्यक्रम करतो, ही गोष्ट या गावाच्या स्वभावास धरूनच आहे.

तर तक्रार अशी की फ्रीटाइपला आपली आखणी सुबक करण्यासाठी हार्फबझ हवे आणि हार्फबझला फॉन्टची माहिती घेण्यासाठी फ्रीटाइप हवे. दोघांचीही जुनी रूपे नव्या अटींत बसेनात. यास वर्तुळाकार अवलंबन म्हणतात. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण आपल्याकडे आधीपासूनच आहे. पोर्टेज हात जोडून उभा होता. उपाय वहीत नव्हता, परंतु तक्रारीतच सुचविलेला होता. एका बाजूची अट एकदाच, तात्पुरती, सैल करावी. आम्ही हार्फबझची पसंती काढून फ्रीटाइप बांधले. ते थोडे ओबडधोबड असेल, असो. त्याच्या आधाराने हार्फबझ बांधले. मग ती पसंती परत देऊन फ्रीटाइप पुन्हा बांधले. लहान मूल प्रथम वेडीवाकडी अक्षरे काढते, मग जोडाक्षरे शिकते आणि जोडाक्षरे शिकल्यावर त्याची मूळ अक्षरेही सुधारतात. पहिल्याच दिवशी सुबक अक्षराचा आग्रह धरणारा शिक्षक मुलाच्या हातून पाटी सोडवितो. बाहेरगावच्या मराठी घरांतही शुद्ध मराठी येईपर्यंत बोलू नकोस आणि बोलल्याशिवाय शुद्ध मराठी येत नाही, असे वर्तुळ पुष्कळदा पाहावयास मिळते. तेथेही एकदाच कोणीतरी अट सैल करावी लागते.

पुढची अडचण दळणाची. भोपाळचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर आणि यंत्राचा पंखा तापाने फणफणल्यासारखा घरघरत होता. एक मोठे पॅकेज बांधताना काम मध्येच थांबले आणि पडद्यावर शेकडो ओळी धावून गेल्या. मुलगी शेवटची ओळ वाचू लागली. आम्ही तिला थांबविले. गणिताच्या उत्तरपत्रिकेत शेवटची ओळ चुकलेली असतेच, परंतु चूक तेथे नसते. पहिली चुकलेली पायरी शोधावयाची असते. पोर्टेज प्रत्येक पॅकेजच्या बांधणीची रोजनिशी लिहितो. ती वरच्या बाजूने शोधत गेलो, तेव्हा एके ठिकाणी दळणारा कार्यक्रमच मारला गेल्याची नोंद सापडली. संहितेत दोष नव्हता, यंत्राची स्मरणशक्ती संपली होती. एकाच वेळी चार कामे चालविण्याची मुभा दिलेली होती, आणि अवजड संहितेच्या प्रत्येक कामास दोन जीबी जागा असावी असा सर्वसाधारण हिशेब आहे. चार जीबीत चार जाती कशी फिरणार? एकच ठेवले, डिस्कवर थोडी राखीव जागा स्मरणशक्तीसाठी तोडून दिली आणि दळण संथपणे पार पडले. दोनदा वीज गेली. परंतु पोर्टेज प्रत्येक वस्तू आधी वेगळ्या खोलीत पूर्ण बांधतो आणि पूर्ण झाल्यावरच मूळ जागी नेऊन ठेवतो. त्यामुळे अर्धवट काम वाया गेले, तरी चालू घर मोडले नाही. वीज आली की राहिलेल्या यादीपासून पुढे चालू करता येते.

सर्वांत नाजूक काम शेवटी आले. प्रत्येक कार्यक्रमाच्या मांडणीच्या काही फाइली असतात आणि त्यांत आपण आपल्या सोयीचे फेरफार केलेले असतात. नव्या आवृत्तीबरोबर नवी फाईल येते. ती पोर्टेज जुनीवर लादत नाही, बाजूस ठेवतो आणि दोन्हींतील फरक ओळीओळीने दाखवून विचारतो. जुनी ठेवू, नवी घेऊ, की दोन्हींचा मेळ घालू? घाईने सर्वत्र नवी घेतली तर मराठी कळफलकाची आमची व्यवस्था नाहीशी होणार, सर्वत्र जुनी ठेवली तर नवा कार्यक्रम चालणार नाही. दोन संध्याकाळी आम्ही तिघे हेच करीत बसलो. तेव्हा सहज एकनाथांची आठवण झाली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढील तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तिच्यात नाना पाठ शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणास प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मुलांना हे सांगितले तेव्हा मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांनीही डाव्या बाजूला जुनी आणि उजव्या बाजूला नवी ठेवली असणार." एम. ए.च्या वर्गात पाठशुद्धी याहून सोप्या शब्दांत आम्हांस कोणी सांगितली नव्हती.

जुन्या पायावर सारे नीट झाल्यावर पाया बदलण्याचा प्रश्न आला. २३.० वर जावयाचे तर बिनयुटिल्स, जीसीसी हा संहिता दळणारा कार्यक्रम आणि जीलिबसी ही सर्वांच्या मुळाशी असलेली संचिका, या तीन वस्तू याच क्रमाने पुन्हा बसवाव्या लागतात आणि मग घरातील प्रत्येक वस्तू नव्याने. जीसीसीची एक मौज आहे. तो दळावयासही आधीचा जीसीसीसारखा कार्यक्रम लागतो. दही लावावयास कालचे दही लागते, तसेच. कालच्या विरजणाची वाटी कोणत्याही घरात रिकामी होता कामा नये. आमच्या यंत्रावर हे सारे घरी दळावयाचे तर सुटी पुरली नसती. परंतु २०२३ च्या डिसेंबर अखेरीपासून जेंटूने आपल्या पुष्कळ पॅकेजांची तयार रूपेही देऊ केली होती. मुलाचा आग्रह सर्व घरीच दळावे असा, मुलीचे म्हणणे सर्व तयार आणावे. आम्ही असा निवाडा केला की जी अवजड आहेत आणि ज्यांत आपली काही विशेष पसंती नाही, ती तयार आणावीत. जेथे आपली चव आहे, तेथे घरचे दळण असावे. फ्रीटाइप आणि हार्फबझ आम्ही घरीच बांधली. त्याची गरज होती असे नाही, परंतु आता ती दोघे आमची झाली होती.

मे संपण्यास चार दिवस असताना प्रिंटरमधून सूची बाहेर पडू लागली. पुस्तकाचे नाव, लेखक, दात्याचे नाव, कपाटाचा क्रमांक, सारी जोडाक्षरे जागच्या जागी. मुलांच्या आजी शेजारी बसून एकेक पान हाती घेत होत्या. त्या यादीत त्यांच्या दिवंगत यजमानांनी दिलेली एकवीस पुस्तके होती. ती त्यांनी बोटाने मोजली आणि पान परत ठेवले. बैठकीत यादी सर्वांसमोर ठेवली गेली. वाचनालय राहावे की नाही, यावर पहिल्यांदाच यंत्राचे नाव न घेता चर्चा झाली. ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न रास्तच होता आणि तो यादीने सुटला नाही. ठरले इतकेच की एक वर्ष पाहावे, खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी ठेवावी आणि इंटरनेटची जोडणी परत घ्यावी.

पोर्टेज आपल्यापाशी एक छोटी यादी जपून ठेवतो, हे येथे सांगितले पाहिजे. आपण स्वतः नाव घेऊन मागितलेली पॅकेजे तेवढी तिच्यात असतात. त्यांच्या सेवेसाठी आलेली शेकडो पॅकेजे तिच्यात नसतात. मागणारा गेला की त्याची माणसेही हलविता येतात. काम आटोपल्यावर मुलगी ती यादी मोठ्याने वाचू लागली आणि प्रत्येक नावापुढे विचारू लागली, "सर, हे कोणासाठी आहे?" ज्याचे उत्तर मिळेना, ते काढले. सूचीची फाईल उघडणारा कार्यक्रम आला तेव्हा तिने विचारले नाही.

वहीत आता दोन अक्षरवळणे आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अद्ययावत करावे, दोन महिन्यांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, आधी बातम्या वाचाव्यात, मग कारभारी, मग बाकीचे, असे तिने लिहिले आहे. खाली तिच्या भावाची एक ओळ आहे. पत्त्यांचा खेळ पुन्हा बसवू नये, खेळायचेच असेल तर खोलीत खरे पत्ते आणावेत. परदेशस्थ अभियंत्यास आम्ही हे पान छायाचित्र काढून पाठविले. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. पुढच्या दिवाळीस येताना पत्ते तो स्वतः घेऊन येणार आहे.